विजांच्या दिवसांत म्हशीकडे जाताना

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बायको क्वचितच बसते, कारण तिथे उणे एकशे शहाण्णव अंश तापमानाचा एक डबा बांधलेला असतो. डबा ॲल्युमिनियमचा, त्यात द्रवरूप नायट्रोजन, आणि नायट्रोजनात बुडवलेल्या बारीक कांड्या. प्रत्येक कांडीत एकेका जातिवंत वळूचं किंवा रेड्याचं वीर्य. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत फिरून गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणं हा माझा व्यवसाय. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे, आणि हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगतो. त्यावर लोक म्हणतात, बरं डॉक्टर.

दिवाळी अंकात कामाविषयी लिहायचं ठरलं तेव्हा घरातून एकच सूचना आली, की फराळ करताना वाचता येईल एवढंच लिहा. म्हणून धंद्याची माहिती थोडक्यात देतो.

म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. गाय माजावर आली की सगळ्या आळीला कळतं. ती हंबरते, दावं तोडते, दुसऱ्या गाईंवर चढते. म्हैस यातलं फारसं काही करत नाही. थोडं कमी खाते, शेपटी जरा वर धरते, आणि पाहणाऱ्याचं लक्ष नसेल तर माज कुणाला न कळता निघून जातो. भरायची योग्य वेळ माज उतरणीला लागल्यावरची. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कांडी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गर्भ राहिला नाही, तर म्हैस पुन्हा माजावर येते. त्याला आमच्याकडे ‘उलटली’ म्हणतात. म्हैस उलटली की मालक माझ्याकडे असा बघतो, जणू मीच उलटलोय.

आता अडचण सांगतो. आमच्या भागातल्या म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत माजावर येतात. विजांचा जोरही त्याच सुरुवातीच्या दिवसांत, परतीच्या पावसात असतो, आणि तो पाऊस येतो दुपार कलल्यावर. म्हणजे सकाळी माज दिसणार, दुपारी आभाळ भरणार आणि संध्याकाळी मी म्हशीकडे निघणार. तिघांचं वेळापत्रक एका माणसाने बसून जुळवल्यासारखं आहे.

मोटरसायकलवाल्याला विजेचा धोका किती, याची आमच्याकडे कुणाला कल्पना नाही. टायर रबराचे आहेत, त्यामुळे वीज लागत नाही, हे मी शाळेतल्या मास्तरांपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. साधा हिशेब आहे. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते, ती दोन बोटं रबराला विचारून थांबणार नाही. बंद मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नाही, चारी बाजूंच्या पत्र्यामुळे. वीज त्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. मोटरसायकलवाल्याभोवती पत्रा नसतो, उलट तोच पत्र्यावर बसलेला असतो. दोन्हीकडे भातखाचरं, मधून डांबरी रस्ता, आणि त्या सपाटीवर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे त्याचं हेल्मेट.

आमच्याबरोबर एक दूध गोळा करणारा होता. विजा चमकत असताना खर्डीजवळ झाडाखाली गाडी लावून उभा राहिला. वीज झाडावर पडली आणि झाडातून त्याच्याकडे आली. तो वाचला, पण एका कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. त्यानंतर मी नियम केला. चमक दिसली की सेकंद मोजायचे. गडगडाट ऐकू आला की मोजणं थांबवायचं आणि आकड्याला तीनने भागायचं. जे उत्तर येईल तितके किलोमीटर वीज लांब आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, की गाडी सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरायचं. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आसपास काहीच नसेल तर गाडीपासून आणि झाडापासून लांब, खोलगट जागी पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत घालून, कान झाकून उकिडवं बसायचं. झोपायचं नाही.

हे शेवटचं मी एकदाच केलं आहे, सापगावच्या पुढे. त्याच वेळी एसटी गेली. सगळ्या बायाबापड्यांनी माझ्यावरून नजर दुसरीकडे वळवली. कंडक्टरने तर दोन दिवसांनी थांबवून, काळजीने, पोटाला काय घेतो ते विचारलं.

या सगळ्यात माझी आणखी एक वैयक्तिक भानगड आहे. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय आणि मग डोकं, असा आलो. आपल्याकडे पायाळू माणसाबद्दल दोन समजुती पक्क्या आहेत. एक, त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते. दुसरी, वीज त्याला शोधत येते. दोन्ही खोट्या आहेत. विजेला माणसाच्या जन्माची चौकशी करायला सवड नसते. पण आईने कधीतरी कुणाला सांगितलं आणि दोन तालुक्यांत माहीत झालं. त्यामुळे कोरड्या दिवसांत मी म्हशीकडे गेलो की गोठ्याच्या दाराशी उसण भरलेलं एखादं माणूस पालथं पडून वाट बघत असतं, आणि आभाळ गडगडायला लागलं की त्याच घरात मला पडवीच्या आत घेत नाहीत.

मुरबाडच्या बाजूला एका वाडीत तात्या आणि हिराकाकू असं जोडपं आहे. भातशेती आणि दोन म्हशी. तात्यांचा स्वभाव असा, की भात लावलं की दुसऱ्या दिवशी लोंबी बघायला जातील. त्यांची चंद्री नावाची म्हैस दुधाला उत्तम, पण दोनदा उलटली होती. दोन्ही वेळा तात्यांनी माजाच्या पहिल्या खुणेलाच मला बोलावलं, मी म्हटलं संध्याकाळपर्यंत थांबू, आणि त्यांनी गोठ्यात उभं राहून माझ्यासमोर घड्याळ धरलं. थांबायला तयारच नव्हते. मी सांगून पाहिलं आणि शेवटी मालकाची म्हैस म्हणून भरली.

तिसऱ्या वेळी हिराकाकूंचा फोन सकाळी आला. आवाज दबका होता. चंद्री माजावर आली होती, पण या वेळेस गोष्ट वेगळी होती. तात्यांनी व्यापाऱ्याशी बोलणं केलं होतं. पुढच्या बाजाराला चंद्री जाणार होती. काकूंनी हट्ट धरला, तेव्हा एवढंच कबूल झालं की आज भरून घ्यायची. आता गाभण राहिली तर घरी राहील, उलटली तर व्यापारी. भाकड म्हैस व्यापारी कशासाठी नेतो हे कुणी बोललं नाही. काकूंनी चंद्रीला चार दिवसांचं पारडू असल्यापासून वाढवली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमाला जवा बरोबर वाटल तवा या. ह्यांचं ऐकू नका."

मी दुपार कलताना शहापुरातून निघालो. किन्हवलीच्या पुढे आभाळ काळं झालं. एक चमक दिसली आणि मी मोजायला लागलो. बावीस आले. पुढच्या चमकेला तेरा. मग आठ. गणित सोपं होतं, आणि ते माझ्या दिशेने येत होतं. पाऊस सुरू झाला तसा रस्त्याच्या कडेला एक पत्र्याच्या टपाची बंद व्हॅन उभी दिसली. सरळगावकडे जाणारे प्रवासी तिच्यात होते. समोरचं दिसेनासं झालं म्हणून ड्रायव्हर काशिनाथने ती बाजूला घेतली होती. मी गाडी लांब लावली, डबा सोडवला आणि व्हॅनकडे धावलो.

तेवढ्यात समोरून मोटरसायकलवर तात्या आले. मला उशीर होतोय म्हणून आणायला निघाले होते. अंगावर प्लास्टिकचा कागद, डोक्याला टॉवेल.

मी त्यांना व्हॅनमध्ये यायला सांगितलं. ते गाडीवरून उतरेनात. म्हैस थांबायची नाही, पाऊस काय रोजचाच आहे, टायर रबराचे आहेत, असं सगळं त्यांनी भर पावसात ऐकवलं. मी दार उघडायला हात घातला, तेव्हा मला आत जाऊ न देण्याचा एक उपाय त्यांना सुचला. व्हॅनच्या काचेशी तोंड नेऊन ते शांतपणे म्हणाले, "ह्याला आत घेऊ नका. पायाळू हाय तो."

आतून कुणीतरी दाराची कडी लावली.

काशिनाथ भला माणूस होता. त्याने काच बोटभर खाली केली आणि मला समजावलं, की त्याचा स्वतःचा विश्वास नाही, पण पाशिंजर ऐकत नाहीत. मी काचेच्या फटीतून विजेचं शास्त्र सांगायला सुरुवात केली. पाणी नाकात जात होतं. पत्रा, वीज आणि जमीन यांचं नातं मी बऱ्यापैकी नीट मांडलं असेल, पण आतले लोक माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावरच्या आभाळाकडे बघत होते.

तेव्हा मागच्या सीटवरून मथुरामावशी बोलल्या. धसईच्या, वयाने सत्तरीच्या आसपास. चार दिवसांपूर्वी भाताचा भारा उचलताना पाठीत उसण भरली होती, त्यासाठीच त्या दवाखान्यात चालल्या होत्या. त्यांनी पुढच्या माणसाच्या खांद्यावर छत्रीची मूठ मारली.

"पायाळू हाय म्हणतो ना? मंग घ्या की आत त्याला."

मागून सूर निघाला, की मावशी, वीज पडल. मावशी म्हणाल्या की पडायची ती पडू दे, पण पाठ धड होऊन पडू दे. यावर व्हॅनमध्ये थोडी चर्चा झाली. एकाने मध्यम मार्ग सुचवला, की पाय आत घ्यावा आणि बाकीचा डॉक्टर बाहेर ठेवावा. तो सूचना गंभीरपणे करत होता. शेवटी काशिनाथने मावशींची बाजू घेतली आणि कडी निघाली.

मी आत शिरलो. मावशी सीटकडे तोंड करून कशाबशा गुडघ्यांवर बसल्या. मी बूट-मोजे काढले, एका हाताने डबा पोटाशी धरला, वाकून त्यांना आधी नमस्कार केला आणि ओला पाय त्यांच्या कमरेला लावला. चालत्या गाडीत नसलो तरी वाऱ्याने व्हॅन हलत होती, त्यामुळे पाय प्रत्येक वेळी भलतीकडे लागत होता. मावशी खालून दिशा देत होत्या. जरा डावीकडं. वर. त्याच्या खाली. वडीलधाऱ्या बाईला पाय लावायचा म्हणून मी प्रत्येक वेळी माफी मागत होतो, आणि त्या प्रत्येक वेळी म्हणत होत्या, बोलू नको, लाव.

या सर्कशीत डबा कलला. डब्याचं झाकण घट्ट बसवायचं नसतं, नाहीतर आतला वायू कोंडून डबा फुटेल. सैल झाकणातून थोडा नायट्रोजन बाहेर आला आणि त्याचा पांढराशुभ्र धूर सीटखाली पसरला. काच उघडा, असं मी सांगत होतो, कारण बंद जागेत तो साठू देणं बरं नाही. पण लोकांनी काच नव्हे, दारच उघडलं. पायाळू माणूस आत आल्याबरोबर त्याच्यातून धूर निघाला, म्हणजे वीज आत पोचली, असा सरळ अर्थ त्यांनी लावला आणि सगळे भर पावसात रस्त्यावर उतरले. आत राहिलो मी, आणि गुडघ्यांवर बसलेल्या मथुरामावशी. त्यांना उठताच येत नव्हतं.

मी दारातून आत या, आत या, म्हणून ओरडत होतो. व्हॅनभोवती सात-आठ माणसं उभी, त्यांच्या पलीकडे मोटरसायकलवर तात्या, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान. तेवढ्यात डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी आवाज आला. मोजायला एक म्हणण्याइतकाही वेळ मिळाला नाही. खाचराच्या पलीकडे बांधावर एक ताड होता, त्याचा शेंडा पेटला आणि पावसात विझून धुरकट झाला.

माणसं आत आली. कशी आली ते सांगता येणार नाही, दार एक होतं आणि सगळी एकदम आली. सर्वांत पुढे तात्या होते. ते रस्त्याच्या पलीकडे होते, इतरांपेक्षा दुप्पट लांब, तरी पहिले तेच. माझ्या शेजारी बसले आणि माझा दंड धरला.

काचा बोटभर उघड्या ठेवायला आता सगळ्यांनी मान्यता दिली. मी नियम सांगितला. शेवटच्या गडगडाटापासून अर्धा तास. काशिनाथने मोबाइल समोर ठेवला. तात्या हळूच म्हणाले, की म्हैस जाईल. मी म्हटलं, तात्या, माज उतरायला लागलाय, मला तोच पाहिजे. त्यांना पटलं नाही, पण ते उतरलेही नाहीत.

मग तो अर्धा तास काही केल्या पुरा होईना. वीस मिनिटं व्हायची आणि लांब कुठेतरी डोंगरात गुरगुरायचं, की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू सगळी व्हॅन त्यात गुंतली. बोलणं बंद, श्वास धरून ऐकणं सुरू. एकदा रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा तो धरायचा की नाही यावर दोन तट पडले. एकदा मागच्या सीटवर एकाचं पोट वाजलं आणि काशिनाथने वेळ पुन्हा सुरू केली. त्या माणसाने कबुली दिली, तेव्हा गेलेली मिनिटं परत मोजणीत धरली. मथुरामावशींना मधेच बरं वाटायला लागलं. इतका वेळ गुडघ्यांवर बसून कंबर ताणली गेली असावी. त्या मात्र माझ्या पायाकडे बघून हात जोडत होत्या. मी उसणीचं कारण समजावून सांगत होतो, पण मला सगळ्यांनी गप्प केलं. माझ्या बोलण्यात गडगडाट ऐकू येत नव्हता ना.

वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्री शांत उभी होती. हिराकाकूंनी गरम पाणी तयार ठेवलं होतं. कांडी कोमट पाण्यात धरली, पुसली, नळीत चढवली आणि काम केलं. तात्या दारात उभे राहून म्हणत राहिले, की आता काय उपयोग, गेली वेळ. काकूंनी त्यांच्याकडे न बघता चंद्रीच्या कपाळावर हात फिरवला आणि मला विचारलं, राहील का. मी म्हटलं, वेळ चांगली आहे, पण शब्द देत नाही. मी कधीच देत नाही. शंभर टक्के असं या धंद्यात काही नसतं.

एकवीस दिवस झाले, फोन आला नाही. बाजारही झाला. मी सावध होतो, कारण म्हशीचा माज मुका असतो, न दिसताही निघून जातो. तीन महिन्यांनी तपासायला गेलो. व्यापारी योगायोगाने नव्हे, तात्यांनी बोलावून आलेला होता. पडवीत बसून चहा पीत होता. मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात आत घातला. बोटांना गर्भाशयाचा फुगा लागला, मग मी घाई न करता पुन्हा चाचपला, कारण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि अशा वेळी चुकून चालत नाही.

"काकू, गाभण आहे."

काकू मटकन खाली शेणातच बसल्या. चंद्रीच्या पायाला पाठ लावून बसल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या. तात्या पडवीत गेले आणि व्यापाऱ्याला म्हणाले की चहा पिऊन घे, म्हैस विकायची नाय.

वेळ उशिराची होती म्हणून बहुधा गर्भ राहिला. एका म्हशीवरून नियम काढता येत नाही, हेही खरं. पण तात्यांनी नियम काढला. पायाळू डॉक्टर विजेतून आला की म्हैस हमखास राहते, असं त्यांनी मुरबाडच्या बाजारात सांगितलं. व्हॅनमधल्या माणसांनी साक्ष दिली, धुरासकट. त्या हिवाळ्यात मला फोन येऊ लागले, की डॉक्टर, म्हैस माजावर आहे, पण आभाळ स्वच्छ आहे, काय करू. उंबरमाळीकडच्या एकाने तर विचारलं, की वेल्डिंगवाल्याच्या दारावरून गाडी आणली तर चालेल का, तिथे पण तसाच उजेड पडतो.

मला याचा त्रास झाला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की विजेत मोटरसायकल चालवू नका, आणि आता लोक मला विजेतच बोलवत होते. शास्त्र सांगून पाहिलं. ते काचेच्या फटीतून सांगितल्यासारखंच झालं. मग एकदा फोनवर मी वैतागून म्हटलं, की विजेत आलो तर गुण येत नाही. वाटेत बंद गाडीत किंवा पक्क्या घरात थांबून, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घालवून आलो तरच येतो. विचारा तात्यांना. समोरच्याने ते लगेच मान्य केलं. म्हणाला, असं आधी सांगायचं ना.

पुढच्या वळवाच्या पावसात, सरळगावच्या अलीकडे, गडगडाट ऐकून मी एका पक्क्या पिठाच्या गिरणीत शिरलो. आत तात्या पेंडीच्या पोत्यावर बसले होते. मोटरसायकल बाहेर, झाडापासून लांब लावलेली. गिरणीवाल्याचा मेव्हणा हेल्मेट घालून निघायच्या तयारीत होता आणि तात्यांनी त्याच्या गाडीची किल्ली काढून मुठीत धरली होती.

मेव्हणा म्हणत होता, पाऊस थांबला की, आता काय.

तात्या म्हणाले, "पाऊस थांबला, वीज मुरली नाय. वीज मुराया अर्धा तास लागतो. तोवर पेंड नेली तर म्हशीला लागत नाय." मग त्यांनी मला पाहिलं. "इचार डॉक्टरला."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. लांब डोंगरावर पुन्हा एकदा गुरगुरलं.

मी हेल्मेट काढून दुसऱ्या पोत्यावर बसलो आणि म्हटलं, "आता परत पहिल्यापासून."